उन्हाळ्यात मोजलेलं अंतर

गावात कोणी नवी मोटरसायकल घेतली की ती आधी मारुतीपुढे उभी राहायची आणि मग डॉक्टर हिवराळ्यांच्या ओट्यापुढे. डॉक्टर खुर्चीतून उठायचे, गाडीभोवती एक चक्कर मारायचे, टायर अंगठ्याने दाबून बघायचे आणि पेढा तोंडात टाकता टाकता विचारायचे, "पावसाळ्यात कसं?" कोणी मुलीचं स्थळ ठरल्याचं सांगायला आलं, जावई मास्तर आहे, घर पक्कं आहे, सासू गरीब स्वभावाची आहे, तर सगळं नीट ऐकून घेऊन पुन्हा तेच. पावसाळ्यात कसं? त्या गावाला रस्ता आहे का? ऐन लग्नाच्या बोलण्यात कोणी असं विचारलं तर माणसं चिडतात. डॉक्टरांवर कोणी चिडत नसे, पण पाठ वळली की हसत. पोरं त्यांना 'पावसाळी डॉक्टर' म्हणायची. डॉक्टरांना ते माहीत होतं.

गावाचं नाव मी लिहीत नाही. माणसं वाचतात, आणि मला अजून तिथे जायचं असतं. घनसावंगी तालुक्यातलं गाव आहे, एवढं पुरे. गावाला एक ओढा जवळजवळ तिन्ही बाजूंनी वळसा घालून जातो. चौथ्या बाजूने काळ्या मातीची एक वाट आहे, ती फार लांबून फिरून रस्त्याला लागते आणि पावसात बैलगाडीलाही सोडत नाही. डांबरी सडक, एसटी, बाजार, शाळेचे वरचे वर्ग, सगळं ओढ्याच्या पलीकडे. ओढा वर्षातले बरेच महिने कोरडा असतो. त्यात शेळ्या बसलेल्या असतात.

मी तिथल्या आरोग्य उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून गेले. गावात कोणी एवढं लांब म्हणत नाही, सीएचओ मॅडम म्हणतात. मी जुन्या जालन्यातली. वडिलांचं कापडाचं दुकान, शाळा इंग्रजी माध्यमाची, नंतर नर्सिंग. माझं मराठी घरातलं मराठी होतं. चार अनोळखी माणसांसमोर ते माझ्या तोंडून निघत नसे, आणि निघालं तर परीक्षेतल्या उत्तरासारखं निघे. कुंभार पिंपळगावला खोली घेऊन मी रोज स्कूटीवर जाऊन येऊन करायचे. जायच्या आधीच मला सांगून ठेवलं होतं की गावात एक म्हातारे डॉक्टर आहेत, माजी सरपंच, माजी जिल्हा परिषद सदस्य, त्यांच्यापासून जरा जपून. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला, खिशाला दोन पेनं लावलेला एक उंच म्हातारा दारात चपला काढून बायकांच्या रांगेत शेवटी बसला, तेव्हा मी ओळखलं आणि सावध झाले.

ते नंबर येईपर्यंत बसले. मध्ये कोणीतरी "डॉक्टर, तुम्ही पुढं व्हा" म्हणालं, तर मान हलवून नको म्हणाले. नंबर आल्यावर दंड पुढे केला. मी पट्टा बांधला, आकडा सांगितला. त्यांनी मला माझं शिक्षण विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. आतल्या खोलीच्या अर्धवट उघड्या दाराकडे बघत त्यांनी विचारलं, मी राहते कुठे. मी सांगितलं.

"म्हणजे ओढ्याच्या पलीकडं," ते म्हणाले. "मंग पाणी आल्यावर तुम्ही तिकडं आन् आम्ही इकडं."

मला तो टोमणा वाटला. ते उठले, बोट न दाखवता आतल्या खोलीकडे मान करून म्हणाले, "ते बाळंतपणाचं टेबल तुमच्या आधीपासून प्लास्टिकात हाय. उघडायचं हाय आपल्याला." आणि चपला घालून गेले. 'आपल्याला' हा शब्द मला त्या दिवशी मुळीच आवडला नव्हता.

दोन पेनांचं कोडं मला लवकरच उलगडलं. एक लिहायला आणि एक मागणाऱ्याला द्यायला. दुसऱ्यात शाई कमी असायची, म्हणजे ते परत यायचं. ते औरंगाबादला डॉक्टरकी शिकून गावात परत आले, तेव्हा बौद्ध वस्तीतला पहिला डॉक्टर म्हणून त्यांची बैलगाडीतून मिरवणूक निघाली होती आणि त्याच गावात काही घरं त्यांच्याकडून औषध घ्यायची, पण गोळी हातावर नको, ओट्यावर ठेवा म्हणायची. हे त्यांनी मला सांगितलं नाही. शबानाताईंनी सांगितलं. गावातल्या आशा कार्यकर्त्या त्या, माझा उजवा हात. मी डॉक्टरांना त्याबद्दल एकदा चाचरत विचारलं, तर म्हणाले, गोळी पोटात गेल्याशी मतलब. थोड्या वेळाने म्हणाले, "दुसऱ्या पिढीनं हातावर घेतली." त्यांचं अक्षर इतकं सुटं होतं की मेडिकलवाले चेष्टा करायचे, हे डॉक्टरचं नव्हेच. ते म्हणायचे, आजारी माणसाला आपण काय खातोय ते वाचता आलं पाहिजे. मुसलमान बायकांशी ते दख्खनीत बोलायचे, आणि पेशंट रडायला लागला तर 'काळजी करू नका' असं कधी म्हणत नसत. 'करू आपण' म्हणत.

पहिल्यांदा ते राखीव जागेवरून सरपंच झाले. त्या पाच वर्षांत त्यांना 'आरक्षणाचा सरपंच' म्हणणाऱ्यांनीच पुढच्या वेळी, जागा खुली असताना, त्यांना निवडून दिलं. नंतर ते जिल्हा परिषदेत गेले. आणि तिथे त्यांनी ते केलं, ज्यावरून गाव त्यांच्यावर आजतागायत रुसलेलं आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे व्हावं याचा प्रश्न होता. आमचं गाव किंवा पलीकडचा फाटा. गावाने जमीन देऊ केली होती, नारळसुद्धा आणून ठेवला होता, कारण आपलाच माणूस सदस्य. डॉक्टर म्हणाले, मोजून सांगतो. चैत्राच्या उन्हात त्यांनी राजदूतवर बसून आसपासचं प्रत्येक गाव ते दोन्ही जागा अशा फेऱ्या मारल्या आणि गाडीच्या मीटरवरून अंतरं टिपली. फाटा बहुतेक गावांना जवळ पडत होता. सभेत त्यांनी उभं राहून आपल्या गावाच्या विरोधात, फाट्याच्या बाजूने मत दिलं. केंद्र फाट्यावर झालं.

गावाचं म्हणणं असं की यानं घरचं ताट उचलून शेजारच्या पंगतीत वाढलं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. डॉक्टरांनी अंतर मोजलं ते ओढा कोरडा असताना. राजदूत पात्रातून आरामात गेली, टायरही ओला झाला नाही. आमच्याकडे ओढ्याला कोणी रस्त्यातली अडचण समजतच नाही. तो रस्ताच असतो, पावसाळा येईपर्यंत. मोजणारे डॉक्टर, तपासणारे इंजिनियर, सही करणारे सभापती, कोणालाच ते सुचलं नाही. त्याच पावसाळ्यात वस्तीतली शेवंता नावाची बाई अडली. बैलगाडी ओढ्यापर्यंत गेली, समोर पाणी. डॉक्टर तिच्यासोबत होते. पाणी उतरायची वाट बघत बाभळीखाली, गाडीतच त्यांनी बाळंतपण केलं. मुलगी वाचली. रक्तस्राव थांबला नाही. शबानाताई सांगत होत्या की पाणी उतरलं तेव्हा डॉक्टर गाडीच्या मागे पायी चालत आले आणि शर्ट बदलायला घरीही न जाता ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून पुलासाठी अर्ज लिहायला लागले. तो पहिला. तेव्हापासून ते लिहीतच होते. ओढ्यावर दोन वेळा पाहणी झाली. दोन्ही वेळा उन्हाळ्यात.

पुढच्या निवडणुकीत ते पडले. पाडलं ते नानांनी. नाना म्हणजे गावातले मोठे बागायतदार, आवाज एवढा की फोनची गरज काय असं वाटावं. निकालाच्या दिवशी नानांची मिरवणूक मुद्दाम डॉक्टरांच्या घरावरून नेली आणि दारात हलगी वाजवली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी नेहमीसारखा दवाखाना उघडला, तर पायरीवर पेशंटांची रांग, सगळे डोळे चोळत बसलेले. गुलाल हलका निघाला होता. रांगेत पहिले नाना. त्यांचे दोन्ही डोळे सुजून मिटलेले, हाताला धरून आणावं लागलेलं. डॉक्टरांनी पाणी घेतलं, डोळे धुतले आणि म्हणाले, "उघडा नाना, आता सगळीकडं तुम्हालाच बघायचंय." हे नाना स्वतःच सांगायचे, मोठ्याने हसत. तेव्हापासून नाना दुसऱ्या डॉक्टरकडे गेले नाहीत आणि डॉक्टरांना मतही कधी दिलं नाही.

मी रुजू झाले तेव्हा डॉक्टरांनी दवाखाना बंद केलेला होता. हात थरथरतो, म्हणून. त्यामुळे नाना रक्तदाब बघायला दर गुरुवारी माझ्याकडे यायचे आणि डॉक्टर शेजारी बाकावर बसलेले असायचे. सरपंच तेव्हा नानांची सून वंदनाताई होती. कागदावर ती, बाकी नाना. मला हे गुरुवार आवडायला लागले, जरी मी त्यात एक शब्द बोलत नसे. डॉक्टरांचा एक डाव होता. नानांच्या दंडाला पट्टा बांधून मी हवा भरायला लागले की ते सुरू करायचे. उपकेंद्राच्या नळजोडणीचं काय झालं, टाकीतलं पाणी तुमच्या गोठ्यात बराबर येतं म्हणे, म्हशी धुवायला पुरतं, बाळंतिणीला पुरत नाही का. पट्टा बांधल्यावर बोलायचं नाही हे त्यांनीच नानांना वर्षानुवर्षं शिकवलेलं. नाना लाल व्हायचे आणि गप्प राहायचे. पट्टा सुटला की त्यांचा आवाज बाहेरच्या लिंबापर्यंत जायचा.

"मीठ कमी केलं का?" डॉक्टर शांतपणे विचारायचे.

"मीठ केलं कमी. तुम्ही तोंड कमी करा."

मी दोन आकडे लिहून ठेवायचे, एक डॉक्टरांच्या बोलण्याआधी घेतलेला.

आता नळाचं. बाळंतपणाच्या खोलीत टेबल होतं, दिवा होता, इन्व्हर्टर आला होता, औषधं होती. फक्त वाहतं पाणी नव्हतं. शबानाताई ड्रमने पाणी भरायच्या. ग्रामपंचायतीची टाकी हाकेच्या अंतरावर, पण जोडणीचा अर्ज वर्षानुवर्षं 'पुढच्या बैठकीत' होता. मी डॉक्टरांना एकदा स्पष्ट सांगितलं की ड्रमच्या पाण्यावर मी बाळंतपण करणार नाही. मला वाटलं, ते मला शहरातली नाजूक मुलगी समजतील.

"बिलकुल करायचं न्हाई, बेटा," ते म्हणाले. "पण पावसाळ्याच्या आत नळ आणू. पुलाचं माझ्या हातात न्हाई. नळाचं हाय."

मी धीर करून सुचवलं की नाना दर गुरुवारी त्यांच्यासमोर बसलेले असतात, तब्येतीची भीतीही आहे, जरा नीट, एकटं गाठून मागावं. डॉक्टर माझ्याकडे एवढा वेळ बघत राहिले की मला ते वाक्य परत घ्यावंसं वाटलं.

"दवाखान्यात कोणाला काही मागायचं न्हाई," ते म्हणाले. "घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. तसलं हो घेऊन काय करायचं? सभेत घेऊ. धडधाकट असताना."

ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा व्हावी असा नियम आहे. आमच्या गावात ती व्हायची म्हणजे शिपाई घरोघर वही फिरवायचा आणि बायका हात पुसून सह्या करायच्या. कशावर, ते शिपायालाही ठाऊक नसायचं. डॉक्टर सरपंच असताना ही सभा खरी भरवायचे आणि त्यांच्यानंतर ती पुन्हा वहीत गेली. बायका बोलावून येत नाहीत, असं ग्रामसेवकाचं म्हणणं. डॉक्टरांनी मला विचारलं की लस दिल्यावर आई आणि बाळाला मी किती वेळ बसवून ठेवते. अर्धा तास, मी म्हणाले. मुलाला काही त्रास होत नाही ना ते बघायला.

"मंग अर्धा तास बाया कुठं जात न्हाईत," ते म्हणाले आणि पहिलं पेन खिशातून काढलं.

तर लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या व्हरांड्यात सभा ठेवली. शबानाताईंनी घरोघर निरोप दिला, ग्रामसेवकाला रीतसर बोलावलं. डॉक्टर त्या दिवशी आलेच नाहीत. बायकांच्या सभेत माझं काय काम, म्हणाले. त्यांना माहीत होतं का, मला सांगता येत नाही, पण त्या दिवशी सरपंच वंदनाताईच्या लेकीचीही लस होती. तिने मुलीला टोचून घेतलं, रडणारं मूल खांद्यावर टाकलं आणि निघायला लागली. शबानाताईंनी तिला खुर्ची दिली. "अर्धा घंटा बैठना पडता ना, सरपंचबाई. बसा मंग अध्यक्षस्थानी." बायका हसल्या. वंदनाताईही हसली आणि बसली. सरपंच होऊन तिला बरेच दिवस झाले होते. अध्यक्षस्थानी ती पहिल्यांदा बसत होती.

सुरुवातीला जे व्हायचं तेच झालं. एक म्हणाली डॉक्टरनेच दवाखाना घालवला, दुसरी म्हणाली नानांनी पुलाचे पैसे अडवले, तिसरीने दोघींच्या सासऱ्यांचा उद्धार केला. लसीच्या पेटीजवळ उभी राहून मी घड्याळ बघत होते. तेवढ्यात कविता बोलली. कविता म्हणजे शेवंताची मुलगी, ती बाभळीखाली जन्मलेली. आता तिच्या स्वतःच्या मांडीवर मूल होतं. तिचा आवाज चढला नाही.

"दवाखाना कुठं व्हायला पाहिजे व्हता, ते मी जन्मल्यापासून ऐकून राह्यले," ती म्हणाली. "माझी माय त्याच्यात गेली. आता मला ते न्हाई ऐकायचं. नळ कधी देता, एवढं सांगा."

सगळ्यांनी वंदनाताईकडे पाहिलं. तिने मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि ग्रामसेवकाला म्हणाली, लिहा. पावसाळ्याच्या आत. ग्रामसेवकाने आधी फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि लिहिलं.

दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेला मी गेले, कारण आरोग्याचा विषय असला की मला हजर राहावं लागतं. शाळेच्या पटांगणात मंडप. मी खांबाशी उभी. ठराव वाचून झाल्यावर नाना उठले. त्यांनी ठरावाला विरोध केला नाही. त्यांनी फार हुशारीने एक अट घातली. म्हणाले, नळ देऊ, उद्या देऊ, आमचं काय जातंय. पण ज्या माणसामुळं गावाला ही पाळी आली, त्यानं सभेसमोर एवढंच म्हणावं की दवाखाना फाट्यावर नेला ही माझी चूक झाली. पंचवीसेक वर्षं गाव हे वाक्य ऐकायला थांबलंय.

डॉक्टर पहिल्या रांगेत होते. ते सावकाश उठले. मला वाटलं, झालं. एक वाक्य म्हणायचं आहे, त्याला पाणी मिळणार आहे. मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होते, म्हणून टाका.

"चूक झाली," डॉक्टर म्हणाले. मागे कोणीतरी टाळी वाजवली. डॉक्टरांनी हात वर केला. "कोणती, ते ऐका. दवाखाना तिथं गेला ते बराबर होतं. आजही मत द्यायचं असलं तर तिथंच देईन. इथं असता तर ओढा पलीकडच्या साऱ्या गावांना आडवा आला असता. तिथल्या बायाही बायाच हायेत. माझी चूक ही का, मी उन्हाळ्यात मोजलं. माझं मत त्यांना पाहिजे होतं, तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं, आधी पूल लिहा, मंग माझा हात वर होईल. मी तसाच हात वर केला. त्याची शिक्षा शेवंताला झाली. ही चूक माझी हाय, मी रोज म्हणतो. दुसरी मी केलेली न्हाई, ती म्हणणार न्हाई."

"म्हणजे न्हाईच म्हणणार," नाना म्हणाले.

"न्हाई."

गलका झाला. कोणी म्हणालं, म्हाताऱ्याची खोड जात नाही. कोणी म्हणालं, खरं तर बोलला. शब्दांसाठी हा माणूस पाणी सोडतोय याचा मला एवढा राग आला की मी निघून जाणार होते. डॉक्टर उभेच होते.

तेव्हा व्यासपीठावरून वंदनाताई काहीतरी म्हणाली. माईक तिच्यासमोर नव्हताच, तो नानांकडे होता. ती उठली, खाली आली, सासऱ्यासमोर पदर सावरून उभी राहिली आणि माईकसाठी हात पुढे केला. नानांनी तो दिला. मला वाटतं, त्यांना कळलंच नाही ती का मागतेय.

"कालची सभा माझ्या अध्यक्षतेखाली झाली," ती म्हणाली. "त्यात अट नव्हती. मामंजी, ठराव झालाय. मंजूर म्हणणारांनी हात वर करावा."

बायकांचे हात आधी वर गेले. मग पुरुषांचे, इकडे तिकडे बघत. नाना बसले. घरी काय झालं ते मला माहीत नाही. त्या गुरुवारी त्यांचा रक्तदाब वाढलेला होता, आणि डॉक्टर त्यांच्या शेजारी बसून एक शब्दही बोलले नाहीत.

नळ मृगाच्या आधी आला. टेबलावरचं प्लास्टिक मी आणि शबानाताईंनी मिळून काढलं. ते इतकं जुनं झालं होतं की हातात तुकडे येत होते. त्या पावसाळ्यात मी उपकेंद्रामागच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. मला कोणी सांगितलं नव्हतं. आईने फोनवर बरीच समजूत घातली, एकटी मुलगी, साप, अंधार. मी तिला ओढ्याचं सांगायचा प्रयत्न केला, पण जालन्यात बसून ओढा समजत नाही.

भादव्यात एका सकाळी वस्तीतली अनिता कळा देत आली, तेव्हा ओढा दोन्ही थडी भरून चालला होता. उपकेंद्रावरच्या दुसऱ्या नर्स, आमच्या सिस्टर, पलीकडे अडकल्या होत्या. मी आणि शबानाताई, दोघीच. डॉक्टर आले आणि बाहेरच्या बाकावर बसले. आत आले नाहीत, निरोप पाठवला नाही. एकदा, बराच वेळ झाल्यावर, हातात मोजे होते म्हणून मी कोपराने दार लोटून बाहेर पाहिलं. काही विचारायचं नव्हतं. विचारण्यासारखं सगळं मला येत होतं. तरी मी दारात उभी राहिले. डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, जसे ते पेशंटकडे पाहत असतील, आणि पुन्हा खाली बसले. मी दार लावून घेतलं आणि आत गेले. मला त्या माणसाने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते खाली बसणं.

मुलगा झाला. शबानाताई पेढ्यांचं बोलत बाहेर गेल्या. डॉक्टरांनी मुलगा की मुलगी विचारलं नाही. "आई कशी हाय?" बरी आहे, रक्तस्राव थांबलाय, मी आतूनच म्हणाले. थोड्या वेळाने बाहेर आले तर बाक रिकामा होता.

डॉक्टर त्या हिवाळ्यात गेले. मी तेव्हा प्रशिक्षणासाठी जालन्याला होते. मला उशिरा कळलं. फाट्यावरच्या केंद्राच्या दगडावर उद्घाटन करणाऱ्यांची नावं आहेत, ती मी सगळी वाचली. जागेसाठी कोणी उन्हात फिरलं आणि कोणी आपलंच गाव गमावलं, ते कुठे नाही. गावातल्या शोकसभेत नाना बोलायला उठले आणि माईक हातात धरून तसेच उभे राहिले, असं शबानाताई म्हणाल्या. पूल अजून नाही.

मला ते आठवतात ते त्या बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशीचे. पाणी उतरत होतं, मला औषधं आणायला पलीकडे जायचं होतं. थडीवर पोचले तर डॉक्टर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओढ्यात उभे. पाणी पोटऱ्यांना लागून गढूळ वाहत होतं. कडेच्या झुडपांवर जिथपर्यंत गाळ आणि काडीकचरा अडकला होता, तिथपर्यंतच्या उंचीची एक लांब काठी त्यांनी आणली होती, वरच्या टोकाला लाल रंग लावलेली, आणि ती ते पात्रात रोवत होते. म्हणजे उन्हाळ्यात पाहणीला येणाऱ्या साहेबाला कोरड्या वाळूत उभं राहून मान वर करून बघावं लागेल. मी स्कूटी थांबवली आणि मदतीला उतरू का, असं ओरडले. त्यांनी एक हात वर करून मला, तू जा, तुझं काम बघ, असं खुणावलं. आणि दोन्ही हातांनी काठी धरून, सगळा भार टाकून, ती आणखी खाली दाबली.